माझा डबा, तुझं झाकण

वृंदा,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून फोन आला. संपादक बिचारे नवीन आहेत, तुला धड ओळखतही नव्हते. म्हणाले, "काकू, छोटंसंच द्या, एक फोटो जोडा." आणि नमुना म्हणून मागच्या वर्षीचं कुणाचं तरी पाठवून दिलं. त्यात हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावून जाणारं व्यक्तिमत्त्व वगैरे सगळं ओळीने बसवलेलं होतं. मी बरं म्हटलं. लॅपटॉप उघडून बसले, तर पहिलं वाक्य जे आलं ते काही अंकात छापण्यासारखं नव्हतं. तेच आधी सांगून टाकते. वृंदा, मी तुझ्यावर भयंकर चिडलेय.

आणि मनमिळाऊ म्हणे! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातातलं वाण यजमानीणबाईंना परत करून "नको हो, कुठे ठेवू मी हे?" असं तोंडावर विचारणारी बाई तू. कॅरी गावातल्या सगळ्या मराठी घरांत ती गोष्ट पसरली होती. वाण कुणी परत करतं का? प्लास्टिकची वाटी असली तरी घ्यायची, घरी नेऊन कोपऱ्यात टाकायची आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, ही रीत. मी तुझ्या शेजारी उभी होते, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मनातून मात्र मला तुझा हेवा वाटला होता, कारण तशाच वाट्यांनी माझं एक आख्खं कपाट भरलं होतं.

तू गेलीस हे मला ग्रुपवर कळलं. मला! ज्या ग्रुपवर लोक जुने सोफे विकायला काढतात आणि कुणी भारतातून येतंय का विचारतात, त्या ग्रुपवर. वर कुणाच्या तरी योगा क्लासची जाहिरात, खाली "कळविण्यास अत्यंत दुःख होते." मी हातातलं भेंडीचं पातेलं गॅसवर तसंच ठेवून वाचत राहिले. भेंडी करपली. मला वाटलं, दुसरी कुणीतरी वृंदा असेल. तुझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर राहते मी. शेवटच्या दिवसांत घरी येणारी हॉस्पिसची नर्स तुझ्या ड्राइव्हवेत गाडी लावत होती, आणि मी त्याच रस्त्याने कोथिंबीर आणायला जात होते. काहून गं? काहून नाही सांगितलंस?

"राग आला की तुझं नागपूर बाहेर येतं, नलू," असं तू म्हणायचीस. येऊ दे बाहेर. आज सगळंच येऊ दे.

आपली ओळख एका डब्याने झाली, हे तुला आठवत असेलच. तुझं काही हरवत नसे. तेव्हा आपण एकाच अपार्टमेंटमध्ये, समोरासमोरच्या दारांत राहत होतो. तुझी ईशा नुकतीच झाली होती, तुझ्या आईला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नव्हता, आणि तुझ्या नवऱ्याला, सुधीरला, चहासुद्धा धड येत नव्हता. मी आळिवाची खीर केली आणि माझ्या आईने दिलेल्या स्टीलच्या डब्यात घालून तुझ्या दारात उभी राहिले. त्या डब्यावर आईने स्वतःचं नाव घालून घेतलं होतं, सौ. कुसुम. नुसतं डब्यावर नाही, झाकणावरही, कारण लग्नकार्यात डबे परत येतात आणि झाकणं हरवतात असा तिचा अनुभव. दोन दिवसांनी तू डबा परत आणलास. ओल्या बाळंतिणीच्या घरात होतं काय? तरी आत एका झिपलॉकच्या पिशवीत दोन चमचे साखर घालून आणली होतीस. "रिकामा कसा देऊ?" म्हणालीस. तुझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गाऊनवर बाळाने ओकलेलं दूध, आणि हातात ती साखरेची पिशवी. ही बाई आपली, असं मला तिथेच वाटलं.

मग तो डबा येत-जात राहिला. माझ्याकडून कोथिंबीर भरलेली सांबारवडी जायची, तुझ्याकडून मेतकूट यायचं. मी भरून पाठवायची, तू भरून परत आणायचीस. डबा रिकामा द्यायचा नाही, त्यामुळे कुणीतरी कुणाकडे जाणं लागायचंच. अपार्टमेंट सुटलं, घरं झाली, पोरं मोठी झाली, डबा चालूच. घरात काही वेगळं केलं की मी आधी आठवायची, डबा सध्या कुणाकडे आहे.

तुझी आई गेल्यावर तू पुण्याला जाऊन आलीस आणि बदललीस. भावाबरोबर तिचा फ्लॅट रिकामा केलास. तिच्या कपाटात काय सापडलं ते तू मला माझ्या किचनमध्ये उभी राहून सांगितलं होतंस. इतकी वर्षं तू इथून नेलेले टॉवेल, परफ्यूमच्या बाटल्या, स्वेटर, सगळं जसंच्या तसं, लेबलंसुद्धा न काढलेलं. चांगलं म्हणून ठेवून दिलेलं. "मी तिला आयुष्यभर सामान दिलं, नलू, आणि तिने एक टॉवेल वापरला नाही," म्हणालीस आणि रडलीस. तुला रडताना मी तेव्हाच पाहिलं. तिथून तू फक्त आईचा एक स्टीलचा डबा आणलास, बाकी सगळं देऊन टाकलंस. आणि आल्याआल्या तुझं ते सुरू झालं. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिला काही अर्थ आहे का? असेल तर तिची जागा ठरवायची. नसेल तर बाहेर. "माझ्यामागे ईशाला हे करायला लागता कामा नये."

अर्थ बघून ठेवायचं तर सुधीरला कुठल्या कप्प्यात घालशील, असं मी विचारलं होतं. सुधीर हसला, तू नाही हसलीस.

किती भांडलो आपण त्यावरून! तुझ्या घरात शिरलं की मला डेंटिस्टकडे आल्यासारखं वाटायचं. भिंती मोकळ्या, ओटा मोकळा, ड्रॉवर उघडला की चार चमचे शिस्तीत झोपलेले. आणि तू माझ्याकडे आलीस की फ्रीज उघडून नाटकीपणाने विचारायचीस, "या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असण्याची काही शक्यता?" नसायचीच. मेथी असायची. माझ्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरली नाही, कारण तिथे गणपतीची मखरं आहेत, पोराचे शाळेतले प्रोजेक्ट आहेत, सासूबाईंची शाल आहे आणि दह्याचे धुतलेले डबे आहेत. मी म्हणायची, वस्तूंत माणसं राहतात गं. तू म्हणायचीस, "वस्तूंत धूळ राहते, नलू. माणसं नाही राहत." हे आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. आता सांग ना, कुठे राहतात माणसं? मी तुझ्या घरी जाऊन आले. कुठेच दिसली नाहीस.

थांब, त्याच्या आधीचं राहिलं. खरा राग ज्याचा आहे ते आधी बोलू दे.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू काय केलंस? मला न विचारता, माझ्या घरात घुसून, माझं किचन उपसलंस. मी वॉकर धरून दारात उभी राहून ओरडतेय, "हात लावू नको! बाप्पा, ठेव ते खाली!" आणि तू शांतपणे एकेक वस्तू बाहेर काढतेयस. सगळं कमरेच्या उंचीला आणलंस, म्हणजे मला वाकायला नको आणि चढायला नको. हिंग कुठे, जिरं कुठे, कुकरची शिट्टी कुठे, सगळं ठरवून दिलंस. चकल्यांचा सोऱ्या मात्र फेकला नाहीस, कारण मी त्याच्यावर झोपायचंच बाकी ठेवलं होतं. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. गुडघा बरा होऊन जमाना झाला, हिंग अजून तिथेच आहे. मी रोज तुझ्या मांडणीत स्वयंपाक करते, हे तुला कधी तोंडाने सांगितलं नाही. तुला दिसत होतं, म्हणून सांगायची गरज नव्हती.

म्हणजे माझ्या आजारपणात तू दार ढकलून आत येणार, मी कितीही ओरडले तरी. आणि तुझ्या आजारपणात मला दाराबाहेर ठेवणार? हा कुठला न्याय? मला करू द्यायचं होतंस ना काहीतरी! मऊ भात करून आणला असता, पाय चेपून दिले असते, नुसती बसले असते भिंतीला टेकून. तुझ्या त्या मोकळ्या घरात एका म्हातारीला बसायला जागा नव्हती?

शेवटची तू माझ्याकडे आलीस ती दुपारची. डोक्याला स्कार्फ, गाल बसलेले. मी म्हटलं, हे काय? "डाएट करतेय," म्हणालीस. धडधडीत खोटं, आणि तेही चेहऱ्यावरची माशीही हलू न देता. चहा अर्धाच प्यायलीस. डबा आणला होतास, आत मेतकूट. आणि उठताना म्हणालीस, "आता हा तुझ्याकडेच राहू दे. परत नको पाठवू."

"म्हणजे?"

"अगं, आवरतेय मी सगळं. जागा नाही."

जागा नाही! तुझ्या कपाटांत पोरं लपंडाव खेळू शकतील, आणि माझ्या आईच्या डब्याला जागा नाही. मला इतकं लागलं ते. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे आमचाही अर्थ संपला तर." तू दारात थांबलीस. काहीतरी बोलशील असं वाटलं. पण चप्पल घातलीस, "येते" म्हणालीस आणि गाडीत बसलीस. मी काचेतून बघत होते. गाडी लगेच सुरू केली नाहीस.

संध्याकाळी मेतकूट काढायला गेले तर झाकण भलतंच. सैल, हलवलं की खडखडतंय, आणि त्याच्यावर आईचं नाव नाही. मी चिडूनच फोन लावला. "झाकण दुसऱ्या कशाचं तरी दिलंस."

"हो का? असू दे."

"असू दे काय? माझ्या आईचं नाव आहे त्याच्यावर. रविवारी येऊन बदलून नेते."

"या रविवारी नको, नलू. मी सांगते तुला."

सांगितलं नाहीस. मी विचारलं की आज थकलेय, आज बाहेर आहोत, पुढच्या आठवड्यात बघू. मी मेतकूट काचेच्या बरणीत काढलं आणि डबा कपाटात सरकवून दिला. मला वाटलं, वृंदाचंही वय झालं, झाकणं चुकायला लागली. तुझ्या हातून झाकण चुकेल होय? जिच्या घरात चमच्यांनासुद्धा आपापली जागा पाठ होती!

ग्रुपवर वाचलं त्या दिवशी तर मी घराबाहेरच पडले नाही. तुझ्या घरी गेले ती परवा. सुधीरने दार उघडलं. खुर्चीत जाऊन बसला आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी विचारलं, काही मदत करू का, कपडे वगैरे आवरायचे असतील तर. तो म्हणाला, "तिचे कपडे तिने कधीच देऊन टाकले, नलिनी. शेवटी दोन गाऊन होते, ते नर्सने नेले. औषधं आवरली, बँकेचं आवरलं, फोटो ईशाला कॉम्प्युटरवर घालून दिले. मला काही करायलाच ठेवलं नाही गं तिने." आणि हा एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

ऐकतेयस ना? तुझं चोख काम बघ. तुला वाटलं, मागच्यांचे कष्ट वाचवतेय. अगं, ते कष्टच करायचे असतात! साडी हातात घेऊन बसायचं असतं, ती द्यायची की ठेवायची यावरून दोन दिवस घालवायचे असतात. कपाट उघडून त्यात तोंड खुपसायचं असतं. तू त्या माणसाच्या हातातलं तेवढंही काढून घेतलंस. तुझ्या आईच्या न उघडलेल्या टॉवेलांचा राग तू आमच्यावर काढलास, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतंय.

मग ईशा आली. तुझंच नाक, तुझंच उभं राहणं. म्हणाली, "मावशी, कॅन आय आस्क यू समथिंग?" आणि मला किचनमध्ये घेऊन गेली. तुझं किचन, म्हणजे काय सांगायचं, चार ताटल्या, चार वाट्या, एक कुकर. तिने वरचं कपाट उघडलं. आख्ख्या फळीवर एकच डबा. तुझ्या आईचा, पुण्याहून आणलेला. त्याच्यावर झाकण नुसतं टेकलेलं, थोडं लहान पडत होतं.

"एव्हरीथिंग इन धिस हाउस क्लोजेस," ईशा म्हणाली, "एक्सेप्ट धिस." दोनदा तिने तो देऊन टाकायच्या खोक्यात घातला, दोनदा तू उठून बाहेर काढलास. उठवत नव्हतं तेव्हा. दुसऱ्या वेळी तिच्यावर ओरडलीस. म्हणालीस, तो जाणार नाही, तो तिथेच राहील. का, ते सांगितलं नाहीस. "आणि आत शुगर आहे," ईशा म्हणाली. "इथे कोणी शुगर खात पण नाही."

मी हात वर करून डबा खाली घेतला. झाकणावर सौ. कुसुम. झाकण उचललं. आत साखर, चांगली ओंजळभर.

मी खाली बसले, तिथेच, तुझ्या त्या लख्ख फरशीवर, गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो. ईशा घाबरली. मी तुला शिव्या देत होते मोठमोठ्याने, आणि तिला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. डबा भरून ठेवलास. माझं झाकण लावून ठेवलास. तुझ्या आईच्या डब्याचं झाकण माझ्याकडे पाठवून दिलंस, म्हणजे मी आज ना उद्या बदलायला येणारच. आणि मी येते म्हटलं की नको म्हणालीस! एवढी व्यवस्था केलीस, तर तोंड उघडायला काय झालं होतं? नलू, मी मरतेय, ये. एवढं म्हणता आलं नाही तुला? त्या दुपारी माझ्या दारात थांबली होतीस तेव्हा हेच होतं ना तोंडात? मग गिळलंस का? मी रडेन म्हणून? रडले असते. तुला बघवलं नसतं, तर तोंड फिरवून बसायचं होतंस.

मी गप्प झाल्यावर ईशाला जमेल तेवढं सांगितलं, डब्याचं, झाकणाचं, साखरेचं. तिने डोळे पुसले आणि लगेच उपाय काढला, तुझीच मुलगी. "मग सोपं आहे, मावशी. यू टेक युवर लिड, ते आमचं आणून दे. दोन्ही डबे नीट बंद होतील."

"नको," मी म्हटलं.

"पण व्हाय? दोन्ही निरुपयोगी आहेत असे."

"राहू देत."

दोन्ही डबे नीट बंद झाले की मला तुझ्या घरी जायला काय कारण उरतं? हे तिला सांगितलं नाही. तुझा डबा, माझं झाकण, साखर, सगळं होतं तसं फळीवर ठेवून आले. अर्थ आहे का विचारणारी तू, तूच ठरवलेली जागा आहे ती. मी हलवणार नाही.

हे लिहिता लिहिता सांबारवडी तळून झाली. आज शनिवार, सुधीरकडे नेतेय. त्याला फोनवर बजावलंय, "डबा रिकामा परत करायचा नाही." तो म्हणाला, "अगं, पण मला काही येत नाही." म्हटलं, शिक. पोहे कर, करपव, पुन्हा कर. ईशाला विचार, यूट्यूबवर बघ. काही नाही जमलं तर साखर घाल, पण आण.  मग म्हणाला, "पोह्यांना मोहरी आधी की कांदा?" तुझ्या घरात करायला काही नव्हतं ना त्याला. आता आहे.

संपादकांना कळवते, माझ्याकडून काही येणार नाही. फोटो सुधीर देईल.

डबा भरून समोर ठेवलाय. तुझं झाकण बसत नाहीच, म्हणून वरून फडकं बांधलंय, आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून सीटबेल्ट लावणार आहे, म्हणजे वळणावर सांडायला नको. तुझ्या घरासमोरच्या वळणावर सांडेल ते सांडेलच. तू असतीस तर फडक्याकडे बघून म्हणाली असतीस, नलू, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक धड बंद होणारा डबा घे ना.

म्हण ना. एकदा म्हणून दाखव. मी भांडायला तयार बसलेय.